रुमालाखालचा भाव

"मला पित्ताच्या नळीला सूज हाय," तात्यांनी कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं. "बाई नवी गोळी देणार म्हणत्यात. माझी काय हरकत न्हाई. सही कुठं करू?"

डॉ. केळुसकर बाईंनी हात वर केला. तिपाईवरच्या कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या रुबीनाने बटण दाबलं आणि लाल दिवा विझला. रुबीना मुलाणी ही या औषध-चाचणीची समन्वयक. महिनाभर मी तिच्याशी रोज फोनवर बोलत होते, पण तिला पहिल्यांदा बघत होते ती त्या दिवशी.

"काका, सूज आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं, मी आईकडे बघितलं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होती.

"ह्या पोरीनं," तात्या म्हणाले. "शिकलीया ती ह्यातलं."

बाईंनी रुबीनाला सांगून तात्यांना वजन करायला बाहेर पाठवलं. दार लागल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं की संमती म्हणजे अंगठा किंवा सही नव्हे. ज्याच्या शरीरात औषध जाणार त्याला आपल्याला काय झालंय, औषध कसलं आहे, ते लागू पडेल की नाही हे कुणालाच माहीत नाही, हे सगळं कळलं पाहिजे आणि त्याने ते स्वतःच्या शब्दांत सांगितलं पाहिजे. कॅमेरा त्यासाठीच असतो. "त्यांना कॅन्सर आहे हे त्यांना माहीत नसेल, तर मी त्यांना चाचणीत घेऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी या. पण तोवर ठरवून या."

"उद्यापर्यंत बिलिरुबिन वाढलं तर?" मी विचारलं.

"तर तसंही घेता येणार नाही."

हे मला माहीत होतं. चाचणीच्या अटी मला पाठ होत्या.

आम्ही सांगोल्याचे. तात्या म्हणजे ज्ञानोबा मेटकरी, खिलार बैलांचे हेडी. बाजारात जनावरं घ्यायची, राखायची, विकायची, नाहीतर दोन माणसांमध्ये उभं राहून सौदा जमवून द्यायचा. उन्हाळ्यात त्यांच्या अंगाला खाज सुटली तेव्हा आम्ही गोठ्यातल्या गोचिडांना दोष दिला. मग डोळे पिवळे झाले. तपासण्यांअंती सोलापुरात निदान झालं, पित्तनलिकेचा कर्करोग, यकृतात पसरलेला. नळीत जाळीदार नळकांडी बसवून पित्ताला वाट करून दिली, आणि त्यानंतर सलाईनमधून औषधं सुरू झाली. त्या औषधांनी केस गळत नाहीत. खोटं टिकलं ते त्यामुळे. आईने घरात, गल्लीत, पाहुण्यांत एकच शब्द चालवला होता, सूज. मी जीवरसायनशास्त्रात नुकतीच एम.एस्सी. झाले होते. सूज या शब्दाला मी शास्त्रीय टेकू दिला. चित्र काढून दाखवलं, ही नळी, ही सूज, हे सलाईन. तात्यांनी ते चित्र घडी घालून खिशात ठेवलं होतं.

चौथ्या महिन्यात स्कॅनवर गाठी वाढलेल्या दिसल्या. सोलापूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता हातात फारसं काही नाही. किती, असं मी विचारलं. तीन महिने, ते म्हणाले, थोडं इकडेतिकडे.

त्यानंतर मी झोपेतही वाचत होते. या कर्करोगाच्या काही रुग्णांत एक जनुक तुटून दुसऱ्याला चिकटतं आणि पेशींना वाढायचा हुकूम देत सुटतं, आणि त्या हुकमालाच गप्प करणाऱ्या गोळ्यांवर काम चालू आहे, हे मला अशा वाचनातून कळलं. तात्यांच्या गाठीचा तुकडा मेणाच्या वडीत जपून ठेवलेला होता. ती वडी मिळवायला मी प्रयोगशाळेच्या दारात बसून राहिले. तपासणीचा निकाल आला, जनुक तुटलेलं होतं. वडिलांच्या पेशीतला बिघाड कळल्यावर आनंदाने रडणारी मुलगी त्या कुरिअरवाल्याने बहुधा पहिल्यांदाच पाहिली असेल.

पण बिघाड असला म्हणून औषध मिळत नाही. देशात चालू असलेल्या चाचण्यांची यादी सरकारी संकेतस्थळावर असते, ती मी चाळली. एका ठिकाणी भरती बंद झाली होती. एका ठिकाणी आधी सलाईन घेतलेलं चालत नव्हतं. एका ठिकाणचा फोन नुसता वाजत राहायचा. पुण्यातल्या या एका केंद्रातून मात्र पलीकडून आवाज आला, "रुबीना बोलतेय. रिपोर्ट पाठवा." केंद्रात एकच जागा उरली होती. बिलिरुबिन, म्हणजे रक्तात साठणारं पित्ताचं पिवळं, ठरावीक आकड्याच्या आत असलं पाहिजे, ही अट होती. तात्यांचं आत होतं, पण काठावर. पित्ताची नळी पुन्हा तुंबली की संपलं. तेव्हापासून मी रोज सकाळी त्यांना चहा देताना कपाकडे न बघता डोळ्यांच्या पांढऱ्याकडे बघत होते.

त्या दुपारी हॉस्पिटलच्या कँटीनमागे, गॅसच्या रिकाम्या सिलिंडरांपाशी, आई आणि मी उभ्या होतो. तात्या आत बाकावर डुलकी घेत होते.

"आई, सांगायला लागंल."

"न्हाई."

"त्याशिवाय घेत नाहीत. ऐकलंस ना तू?"

"तुझ्या विठूमामाला कंपाउंडरनं सांगितलं हुतं," आई म्हणाली. "चांगला जेवत हुता तवर. त्या दिवसापासनं भिताडाकडं त्वांड केलं, ते शेवटपत्तोर. भाकरी न्हाई, बोलणं न्हाई. दुकन्यानं न्हाई मेला त्यो. सांगितल्यानं मेला."

मी तिला परोपरीनं समजावलं. मामाच्या वेळी औषध नव्हतं, इथं आहे, निदान असेल. ती ऐकत होती, पण तिचा चेहरा ओल्या भिंतीसारखा होता, काही चिकटतच नव्हतं. शेवटी मी म्हणाले, "मग चल, घरी जाऊ. आज संध्याकाळची गाडी आहे."

तिने एका सिलिंडरला हात टेकला. मग म्हणाली, "रोगाचं नाव सांगू दे बाईंना. पर दिस न्हाई सांगायचं. किती ऱ्हायलं, त्ये न्हाई. आनि तू तर मुळीच न्हाई. माझ्या गळ्याची आण घे. त्वांडातनं शबुद काढायचा न्हाई."

मी तिच्या गळ्याला हात लावला. तिथली शीर उडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच खोलीत होतो. टेबलाच्या एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला आम्ही तिघं. मधे तात्या, त्यांच्या डावीकडे आई, उजवीकडे मी. कॅमेरा अजून बंद होता. बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि सांगितलं. न घुटमळता, पण हळू. कॅन्सर हा शब्द त्यांनी मुद्दाम दोनदा उच्चारला.

मी तात्यांकडे बघत नव्हते. त्यांच्या पायांकडे बघत होते. चप्पल काढून ठेवलेली होती आणि उजव्या पायाचा अंगठा फरशीवर रेघ ओढत होता. रेघ थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

"वाटलंच हुतं काय तरी," तात्या म्हणाले. "सुजंला कोन इतकं सलाईन देतंय?" खिशातून त्यांनी माझं चित्र काढलं, उलगडलं, बघितलं आणि टेबलावर ठेवलं. "चित्र झ्याक काढलंय पर."

आई रडायला लागली. तात्यांनी तिला थोपटलं नाही की तिच्याकडे वळून बघितलं नाही, नुसतं म्हणाले, "गप. बाई बोलत्यात."

बाईंनी गोळीबद्दल सगळं सांगितलं. रोज घ्यायची, दर महिन्याला इथे यायचं, नखं खराब होतात, तोंड येतं, डोळ्यांना त्रास होतो, मधेच सोडून जायची मुभा आहे. लागू पडेल असं वचन नाही. तात्या मान हलवत होते. मी श्वास सोडला. भिंतीकडे तोंड केलेलं नव्हतं. आता फक्त सही.

"बरं झालं सांगितलं," ते म्हणाले. "इचार करून येतो. पौषात खरसुंडीची यात्रा हाय. तीन जोड्या तयार केल्यात औंदा. ती झाली की येतो."

यात्रेला दोन महिने होते.

बाई म्हणाल्या की थांबणं बरोबर नाही. तात्या हसले. "बाई, माझा जलम बाजारात गेला. इकणारा ज्या वक्ताला म्हणतो, उद्या हे जनावर मिळायचं न्हाई, त्याच वक्ताला गिऱ्हाइकानं मागं सरायचं असतं."

"मी विकत नाहीये, काका. औषध फुकट आहे."

"मग तर जास्तच बघून घ्यावं लागतं."

मला त्यांच्यावर रागही येईना. त्यांच्या बाजूने सगळं बरोबर होतं. अंगात ताकद होती, भाकरी जात होती. रोगाचं नाव कळलं होतं, पण नावाला मुदत नसते. मुदत त्या खोलीत ते सोडून आम्हा सगळ्यांना माहीत होती; ताजे रिपोर्ट बघून बाईंनीही तीनच महिने धरले होते. बाईंनी आईकडे बघितलं. आईने डोळे मिटून नकारार्थी मान हलवली. बाईंनी तिच्याकडे दुर्लक्ष करून तात्यांना विचारलं, "काका, तुम्हाला काही विचारायचंय? काहीही विचारा. मी खरं उत्तर देईन."

तात्यांनी आईकडे पाहिलं. तिचा पदर तोंडात कोंबलेला होता. ते तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"न्हाई," ते म्हणाले. "इचारायचं काय न्हाई."

आणि मग त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि स्वतःच्या उजव्या हातावर टाकला. हात रुमालासकट माझ्या मांडीवर आला.

बाजारात भाव मोठ्याने बोलत नाहीत. भोवती दहाजण उभे असतात, त्यांना कळता कामा नये. म्हणून रुमालाखाली हात घालायचा आणि समोरच्याची बोटं धरायची. जितकी बोटं, तितका भाव. एका बोटाला शंभर धरायचे, हजार की दहा हजार, हेही बोलायचं नाही. ते जनावर बघून दोघांना कळतं. मी लहान असताना तात्यांनी मला हे गंमत म्हणून शिकवलं होतं. शेंगदाण्यांचा सौदा करायचो आम्ही, आईच्या नाकासमोर, आणि ती चिडायची की बापलेकीचं काय चाललंय. मला एककाचं फार कुतूहल होतं. "पण चुकलं तर?" मी विचारायची. "एकाने हजार धरले आणि दुसऱ्याने शंभर?" तात्या म्हणायचे, "जनावर समोर आसलं की चुकत न्हाई."

मी हात रुमालाखाली घातला.

त्यांनी पंजा उघडा ठेवला होता. म्हणजे, भाव सांग.

त्यांचा हात मी कित्येक दिवसांत धरला नव्हता. दाव्यांनी पडलेले घट्टे तसेच होते, पण त्यांच्या आतला हात बारीक झाला होता, मोठ्या माणसाचा सदरा घातलेल्या पोरासारखा. मला आठवत होतं ते सगळं निरुपयोगी होतं. तीन ही मधली संख्या असते. निम्मे रुग्ण त्याआधी जातात आणि निम्मे त्यानंतर. एखाद-दुसरा फार पुढे निघतो. रुमालाखाली यातलं काहीच सांगता येत नाही. तिथे फक्त बोटं असतात.

पाच धरली तर ते यात्रेला जातील. तिन्ही जोड्या विकतील, खूश होऊन परत येतील, पिवळे.

मी तीन बोटं धरली.

ते हलले नाहीत. अंगठा पुन्हा फरशीवर फिरायला लागला. मग रुमालाखाली त्यांनी आपली करंगळी पुढे केली आणि माझ्या मुठीत सारली. चार.

बाजारात असंच करतात. पहिला भाव कुणी मानत नाही.

मी करंगळी बाहेर ढकलली.

त्यांनी ती पुन्हा आत घातली, या वेळी हळू, जनावराला चुचकारावं तशी. मी पुन्हा ढकलली आणि तीन बोटं घट्ट दाबून धरली. आईला दिलेली आण मी पाळत होते. माझं तोंड बंद होतं.

करंगळी परत आली नाही.

थोड्या वेळाने त्यांनी माझ्या मनगटावर दोनदा टकटक केली. ही खूण मी विसरले होते, पण हात विसरला नव्हता. जोडीतल्या एका बैलाचा भाव झाला की असं करतात. म्हणजे, आता दुसरा सांग. गोळी घेतली तर?

मला किती तरी आकडे माहीत होते. परदेशातल्या रुग्णांचे, वेगळ्या औषधांचे, वेगळ्या देहांचे. तात्यांचा आकडा कुठेच छापलेला नव्हता. दहा बोटं द्यावीशी वाटली. त्या क्षणी मी दहा दिली असती तर ते सही करतील याची मला खात्री होती.

मी त्यांची बोटं सोडली आणि माझा हात त्यांच्या हातात नुसता पडू दिला, उघडा, रिकामा.

त्यांनी तो पंजा चाचपला. एकेक बोट बघितलं, कुठे काही लपवलंय का ते तपासावं तसं. मग रुमाल उचलला, झटकला, खांद्यावर टाकला.

"लावा तुमचा क्यामेरा," ते बाईंना म्हणाले.

लाल दिवा लागला. तात्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. "मी ज्ञानोबा सिदू मेटकरी. मला क्यान्सर हाय. सलाईन लागू पडलं न्हाई. ही गोळी नवी हाय. लागू पडंल का न्हाई त्ये ह्या बाईंना म्हाईत न्हाई, माझ्या लेकीला म्हाईत न्हाई. तरी मी माझ्या मर्जीनं घेतोय." मग थोडं थांबून कॅमेऱ्याला सांगितलं, "मधीच सोडायची मुभा हाय, पर मी सोडणार न्हाई."

"यात्रा?" आईने बारीक आवाजात विचारलं.

"औंदा बैलं घरीच बरी," ते म्हणाले.

रक्त द्यायला जाताना कॉरिडॉरमध्ये आई पुढे गेली आणि आम्ही मागे राहिलो. ते भिंतीच्या कठड्याला धरून चालत होते. मला विचारल्याशिवाय राहवेना. "तात्या, एका बोटाला काय धरलंत?"

ते थांबले. पिवळसर डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं. "म्हैना. वरीस कसं धरीन? जनावर समोरच बसलं हुतं की."

"आणि दुसरा भाव मी दिला नाही तरी सही केलीत?"

"दिला आसतास तर केली नसती," ते म्हणाले. "खोटा हेडी दोन्ही हात भरून देतो. हात रिकामा ठिवायला धाडस लागतं." मग पुढे चालणाऱ्या आईकडे हनुवटीने खूण केली. "हिच्या म्होरं त्वांडानं इचारलं आसतं तर ही तितंच बसली आसती बघ."

बिलिरुबिन अटीच्या आत निघालं, इतकं काठावर की रुबीनाने आकडा मला दोनदा वाचून दाखवला. पहिली गोळी त्यांनी तिच्यासमोरच घेतली. पाणी पिऊन पेला परत देताना तिला म्हणाले, "कडू न्हाई. कडू आसतं तर इस्वास बसला आसता."

तिसरा महिना उलटला त्या खेपेला आम्ही तिघं पुण्याच्या त्या प्रतीक्षाकक्षात बसलो होतो. नखं काळी पडली होती, तोंड आलं होतं, पण डोळे पांढरे होते. तात्यांनी रुमाल काढला. आईसमोर, चारचौघांत, माझा हात ओढला आणि करंगळी माझ्या मुठीत सारली. या वेळी मी ती ढकलली नाही.

पुढच्या महिन्यात पाचवं बोट. मग ते म्हणाले, "दुसरा हात दे." आता ते माझीच बोटं धरून मोजायचे, आणि त्या दुसऱ्या हाताच्या दोन बोटांपर्यंत, म्हणजे सातापर्यंत, आम्ही आलो. सातव्या महिन्याच्या स्कॅनवर गाठी पुन्हा जाग्या झालेल्या दिसल्या आणि गोळी थांबवावी लागली. बाईंनी या वेळी त्यांनाच सांगितलं, सरळ. त्यांनी मान हलवली आणि आईकडे बघितलं. ती रडत नव्हती.

आठवा महिना लागायच्या आधी, शेवटच्या आठवड्यात, ते सांगोल्यात घरीच होते. बोलणं कमी झालं होतं. एका दुपारी मी खाटेशेजारी बसले होते. त्यांनी हात उचलून खांद्याकडे नेला. खांद्यावर काही नव्हतं. रुमाल खुंटीला होता. आईने ते बघितलं. तिने उठून रुमाल आणला, आमच्या दोघांच्या हातांवर नीट पसरून टाकला, आणि काही न विचारता गोठ्याकडे निघून गेली. सौद्याच्या वेळी तिसऱ्याने जवळ उभं राहायचं नसतं.

रुमालाखाली तात्यांनी माझा दुसरा हात शोधला. त्यातली दोन बोटं ओलांडून ते पुढे गेले आणि उरलेली तीन, न येणाऱ्या महिन्यांची, त्यांनी एकेक करून मिटली.